उंच स्वर आणि निकोप कंठ

गाणाराच्या गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या, चेहरा लालबुंद झाला आणि कपाळावरून घामाच्या धारा वाहू लागल्या, म्हणजे ‘वाहवा, काय आवाज लावला!’ असे उद्गार काढण्याचा प्रघात आपल्या समाजात फार रूढ आहे. पहिलवानाचे बळ त्याच्या दंडावरून ओळखावे, तद्वत गवयाचे बळ त्याच्या मानेवरून ओळखणारे रसिक घरोघर आढळतात. परंतु दंडाचे बळ आणि स्वराचे बळ ह्या दोन गोष्टी अगदी भिन्न होत. स्वराला जोर हवा, गळ्याला नव्हे. आणि ज्या गाण्यात गळ्याला जोर पडतो, त्या गाण्यात स्वराचा जोर बहुधा कमीच भरतो. हा विषय केवळ गवयांचा नसून प्रत्येक कुटुंबाचा आहे, म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या न्हावा-शेव्याच्या परिसराचेच उदाहरण घेऊ. १९८९ साली येथे बंदर सुरू झाले आणि २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून येणारा सागरी सेतू खुला झाला. ह्या पस्तीस वर्षांत किनाऱ्याचे रूप ओळखू न येण्याइतके पालटले. तथापि गाण्याची आवड मात्र पालटली नाही. उरण तालुक्यातील गावोगावी भजनी मंडळे आहेत. हरिनाम सप्ताह, गणेशोत्सव, नवरात्र ह्या दिवसांत लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सारे गातात. हे सर्व स्पृहणीयच आहे. पण सप्ताह संपला की निम्म्या मंडळींचा घसा बसलेला असतो, आणि त्याचे कोणास काही वाटत नाही. उलट ‘मनापासून गायलो’ ह्याची ती खूण समजली जाते. घसा बसणे हे गाण्याचे पारितोषिक नव्हे. ती शरीराने दिलेली ताकीद होय.

ह्यास ध्वनिक्षेपकाचीही मदत होते, हे नवल आहे. कर्णा असल्यावर गाणाराचे श्रम कमी व्हावेत. पण घडते उलटे. कर्णा, पखवाज, टाळ ह्यांच्या गजरात गाणारास स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवितो, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून ज्या साधनाने गळा वाचायचा, त्यानेच तो अधिक झिजतो.

प्राचीनांचे मत

आपल्या पूर्वजांनी ह्या विषयाचा किती सूक्ष्म विचार केला होता, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. पाणिनीय शिक्षेत स्वराची तीन स्थाने सांगितली आहेत: उर, कंठ आणि शिर. प्रातःकाळचे पठण उरातून, वाघाच्या गुरगुरण्यासारखे. मध्याह्नीचे कंठातून, चक्रवाकाच्या कूजनासारखे. आणि तिसऱ्या सवनाचे तार पठण मस्तकातून, मोर, हंस व कोकिळ ह्यांच्या नादासारखे व्हावे, असा तेथे विधी आहे. ह्यातील उपमा वाचकांनी लक्षात घ्याव्या. तार स्वरासाठी वाघ घेतला नाही, कोकिळ घेतला आहे. वर जाताना आवाज जड होऊ नये, तो हलका व टोकदार व्हावा, हेच शिक्षाकारांस सुचवावयाचे आहे.

तेराव्या शतकात देवगिरीस यादव राजा सिंघण राज्य करीत असता त्याच्या दप्तराचा हिशेब पाहणारा शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. हिशेबाच्या वह्या सांभाळून ह्या पुरुषाने ‘संगीतरत्नाकर’ हा अद्वितीय ग्रंथ रचिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणारा ‘संदष्ट’. ओरडून गाणारा ‘उद्घुष्ट’. अक्राळविक्राळ तोंड वासून गाणारा ‘कराली’. कावळ्याप्रमाणे कर्कश गाणारा ‘काकी’. उंटासारखी मान उंचावणारा ‘करभ’. मान वाकडी करणारा ‘वक्री’. भोपळ्यासारखा फुगून गाणारा ‘तुंबकी’. आणि ज्याच्या मुखाच्या व मानेच्या शिरा फुगतात, तो ‘झोंबक’. ज्या गोष्टीला आज आपण टाळ्या देतो, तिला आठशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रभूमीत दोष म्हणून नाव पडले होते! विशेष हे की, ह्यांतील निम्मे दोष कानांनी नव्हे, डोळ्यांनी दिसणारे आहेत. गाणाराचे नुसते दर्शन घेऊन त्याचा कंठ सुखी आहे की दुःखी, हे घरातील कोणासही सांगता यावे.

नाद कसा उपजतो

आता आधुनिक शास्त्र काय म्हणते ते पाहू. १८५४ साली मान्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने दोन आरशांच्या साह्याने सूर्यप्रकाश घशात पाडून स्वतःच्या स्वरतंतूंचे दर्शन घेतले आणि पुढील वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचे वर्णन मांडले. कंठरोगाचे वैद्य आज ज्या परीक्षेवर विसंबतात, तिचा पाया असा एका गाणे शिकविणाराने घातला. (हा गृहस्थ १०१ वर्षे जगला.)

कंठमण्याच्या आत दोन लहानसे पडदे आहेत. त्यांची लांबी प्रौढ पुरुषांतही दोन सेंटिमीटरांच्या आतबाहेरच असते. फुप्फुसांतून वर येणाऱ्या वायूने ते एकमेकांवर आपटतात व सुटतात, आणि त्यातून नाद उपजतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या मध्य षड्जाला हे आपटणे सेकंदास सुमारे १३९ वेळा होते. तार षड्जाला त्याच्या दुप्पट, म्हणजे २७७ वेळा. काळी पाचमध्ये गाणाऱ्या मुलीचा तार षड्ज घेतला तर हाच आकडा ४६६ वर जातो. म्हणजे तो स्वर तिने एकंदर एक मिनिट धरला, की तेवढ्यात तंतूंवर सुमारे २८,००० आघात होतात. आघात हलका असेल तर निसर्गाने ते सोसण्याची सोय केली आहे. पण प्रत्येक आघात दाबून, रेटून केला, तर त्या कोवळ्या त्वचेचे काय होईल, हे सांगावयास नको.

उंच स्वरासाठी तंतू लांबतात, ताणले जातात आणि पातळ होतात. सतारीची तार पिळली की स्वर चढतो, तसाच हा प्रकार. अननुभवी गाणारा मात्र खालच्या स्वरांत असलेला तंतूंचा जाड, भरदार मेळ तसाच ओढून वर नेऊ पाहतो. मग आतील नाजूक स्नायू अपुरे पडतात. मान, हनुवटी, जिभेचे मूळ हे सारे शेजारी मदतीस धावतात, कंठमणी वर खेचला जातो, आणि शार्ङ्गदेवाचा ‘झोंबक’ आपल्यापुढे उभा राहतो.

तर मग उंच स्वराला भरदारपणा कोठून यावा? त्याचे उत्तर अनुनाद हे आहे. तंबोऱ्याची तार नुसती दोन खुंट्यांमध्ये ताणून छेडली तर ती चार हातांवर ऐकू येणार नाही. भोपळा तिला मोठे करतो. न्हाव्यासमोरच्या घारापुरी बेटावरील मुख्य लेण्यात उभे राहून कोणी साधा ओंकार म्हटला, तर तोच कंठ, तोच श्वास, पण नाद केवढा भरून येतो, हे तेथे जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे. घशाची पोकळी, मुख आणि ओठ हे मिळून आपल्या देहातील लेणे होय. त्याचा आकार स्वराजोगा ठेवला की अल्प श्रमात मोठा नाद मिळतो. योहान सुंडबर्ग ह्या स्वीडिश संशोधकाने ऑपेरातील गायकांचा अभ्यास करून दाखविले की, तयार गायकाच्या कंठात स्वरतंतूंच्या लगत वरची जागा अशी जुळते की सेकंदास सुमारे ३,००० कंपनांच्या आसपासचे उपस्वर विशेष तेजस्वी होतात. त्या टापूत वाद्यमेळाचा जोर कमी आणि मानवी कानाची जाण मात्र तीक्ष्ण असते. म्हणून एकटा गायक पन्नास वाद्यांच्या वर निघतो. तो अधिक ओरडतो म्हणून नव्हे!

येथे एक खुलासा अवश्य आहे. तार स्वर लावताना कपाळात, नाकाच्या मुळाशी जो कंप जाणवतो, तेथे आवाज तयार होत नाही, किंवा फारसा मोठाही होत नाही. तो कंप ही केवळ खूण आहे. परंतु खूण अमोल आहे. कारण कंप मस्तकात जाणवतो तेव्हा कंठ बहुधा मोकळा असतो. शिक्षाकारांचे ‘शिरःस्थान’ आम्ही ह्याच अर्थाने घेतो.

रंगभूमीचा दाखला

कोणी म्हणेल, हे सर्व पुस्तकी झाले. पण आपल्या मराठी संगीत रंगभूमीने हा प्रयोग ध्वनिक्षेपकाच्या आगमनापूर्वी अनेक दशके रोज रात्री करून दाखविला आहे. शेवटच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत पद पोचवावयाचे, तेही रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या नाटकात, आणि चार दिवसांनी पुन्हा दुसऱ्या गावी! केवळ ओरडून हे वर्षानुवर्षे साधणे शक्य नव्हते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व उभे राहिले. केशवरावांचा आवाज उंच, धारदार व पल्लेदार. बालगंधर्वांचा मधुर व गोलाईदार. दोन भिन्न प्रकृतींचे कंठ, पण प्रेक्षागृह दोघांनीही भरून टाकले. पुढे मास्टर दीनानाथांनी तार सप्तकातील चमकदार फिरतीने महाराष्ट्र थक्क केला. आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ ह्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकाव्या: स्वर उंच आहे, पण त्यात रेटा म्हणून नाहीच, सुईच्या अग्रासारखा तो नेमक्या जागी टेकतो.

ह्या इतिहासाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या श्रेष्ठ गवयाचा आवाज तरुणपणी आमलेटा संस्थानात सतत गावे लागल्याने बसला आणि पुष्कळ काळ परत आला नाही. परत आला तो पूर्वीचा नव्हता. खाँसाहेबांनी मात्र नव्या आवाजाशी भांडण न करता त्याला साजेल अशी गायकी घडविली, आणि तिचाच पुढे केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्या रूपाने महाराष्ट्रास लाभ झाला. भास्करबुवा बखले ह्यांनी लहानपणी किर्लोस्कर मंडळीत गोड गळ्याने नाव मिळविले होते. वयात येताना आवाज फुटला तेव्हा मंडळी सुटली. मग बडोद्यास फैज महंमद खाँसाहेबांजवळ त्यांनी धीराने स्वरसाधना केली आणि त्याच कंठाने पुढे देश जिंकला. कंठ बदलला म्हणून विद्या संपत नाही. पण बदलत्या कंठावर जबरदस्ती केली तर विद्याही जाते आणि कंठही जातो.

मोठ्या गवयांकडेच कशाला पाहावे? ह्या किनाऱ्यावरील आगरी लग्नात धवले म्हणणारी धवलारीण विधीमागून विधी चालू असता तासन् तास गात असते. संथ लय, थोड्या स्वरांचा आटोपशीर पल्ला, स्वतःस सोसेल ती पट्टी. तिला कोणी कंठशास्त्र शिकविले नाही. पण गळा पुरवून वापरण्याची कला तिला पुरती अवगत आहे.

पाश्चात्य कंठसाधना आणि आपले गायन ह्यांचा मेळ घालण्याचे काम मुंबईत प्रो. बी. आर. देवधर ह्यांनी केले. १९२५ साली त्यांनी संगीत विद्यालय काढले, कंठसाधनेचा विशेष अभ्यास केला आणि तिच्यावर लेखनही केले. पुढे डॉ. अशोक रानडे ह्यांनी हा विषय शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. त्यामुळे आज ‘आवाज जोपासणे’ ही कल्पना आपल्याकडे परकी राहिलेली नाही.

साधनेची रीत

पहिली गोष्ट पट्टीची. पेटीवर घरातील थोरल्या बहिणीची काळी चार होती म्हणून धाकटीचीही तीच, हा न्याय चुकीचा आहे. सर्वांत खालचा व सर्वांत वरचा असे जे स्वर सुखाने निघतात, त्यांच्या मधोमध गाणे बसेल अशी पट्टी निवडावी. चित्रपटातील गीत मूळ पट्टीतच गाइले पाहिजे, असा कोणताही धर्मनियम नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. श्वास घेताना खांदे उचलू नयेत. खालच्या बरगड्या बाजूस रुंदावाव्या व पोट सहज पुढे यावे. मग दातांमधून ‘स्’ असा बारीक ध्वनी पंधरा-वीस सेकंद एकसारखा सोडावा. तो कमीजास्त न होणे, हीच तार स्वराची पूर्वतयारी. वर जाताना अधिक हवा ढकलण्याचा मोह होतो. परंतु पाहिजे असतो तो हवेचा लोट नव्हे, तर तिचा धीमा, अखंड आधार.

तिसरी गोष्ट मकाराची. ओठ मिटून, पण दात विलग ठेवून, मध्य षड्जापासून पंचमापर्यंत व तेथून तार षड्जापर्यंत गुंजारव करीत घसरत जावे. शहाळ्याची नळी तोंडात धरून तिच्यातून ‘ऊ’ म्हणणे, किंवा नळीचे टोक अर्ध्या पेला पाण्यात बुडवून बुडबुडे काढीत स्वर चढविणे, हा उपायही हल्ली वाक्‌चिकित्सक सांगतात. मुलांना हा खेळ वाटतो. पण पुढे अडलेल्या हवेचा जो हलका दाब मागे परततो, त्याने तंतूंचे आपटणे सौम्य होते.

चौथी गोष्ट वर्णाची. तार स्वरावर ‘ई’ किंवा ‘ऊ’ आला की गळा आवळतो, हा सर्वांचा अनुभव आहे. त्याचे कारण असे की, ‘ई’ म्हणताना मुखाचा मूळ अनुनाद सेकंदास ३०० कंपनांच्या जवळपास असतो; गाण्याचा स्वर त्याच्या वर गेला की मुखाची पोकळी त्याला साथ देईनाशी होते. अशा वेळी जबडा थोडा अधिक सोडून ‘ई’कारात किंचित ‘ए’काराची छटा येऊ द्यावी, शब्द बिघडत नाही आणि स्वर खुलतो. ‘आ’कारातही तोंड आडवे न फाकता उभे उघडावे.

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. कोणताही उंच स्वर प्रथम हळू लावून पाहावा. तेथून तो सावकाश वाढवावा व पुन्हा सावकाश कमी करावा. जो तार षड्ज मृदू लागत नाही, तो मोठ्याने लावण्याचा अधिकार अद्याप आलेला नाही, असे खुशाल समजावे. मृदू लागला, तर तंतू योग्य तेवढे पातळ झाले आहेत. आता त्याला श्वास व अनुनाद ह्यांनी भरदार करणे सुरक्षित आहे. ही कसोटी घरच्या घरी, बिनखर्चाची आणि कधी न फसविणारी आहे.

हे सर्व दहा-पंधरा मिनिटे करून थांबावे, पाणी प्यावे, पुन्हा करावे. पहाटेची खर्जसाधनाही हलक्या स्वरात करावी. खर्ज दाबून काढला तर त्यानेही अपाय होतो.

गृहस्थांनी व गृहिणींनी ध्यानात ठेवावे असे

मुलाला साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान आवाज फुटतो. कंठ वाढतो आणि स्वर जवळजवळ एक सप्तक खाली येतो. ह्या काळात गाणे बंद करण्याचे कारण नाही; पण पट्टी दर थोड्या महिन्यांनी उतरवावी, पल्ला लहान ठेवावा आणि स्पर्धेच्या नादी लागू नये. पाहुण्यांसमोर ‘ते उंच पद म्हण’ असा आग्रह आजोबा-आजींनीही आवरावा.

ज्येष्ठमध, खडीसाखर, आल्याचा रस ह्यांनी घशास बरे वाटते, हे खरे. परंतु गिळलेला पदार्थ स्वरतंतूंना शिवत नाही. शिवला तर ठसका लागेल! तंतूंपर्यंत पोचते ती वाफ, आणि आतून पोचतो तो ओलावा. म्हणून दिवसभर पुरेसे पाणी हेच खरे औषध. रात्री उशिरा तिखट-तळकट जेवून लगेच आडवे होणाऱ्याचे आम्लपित्त कंठापर्यंत चढते आणि सकाळी आवाज घोगरा लागतो. मशेरी, तंबाखू व धूम्रपान ही कंठाची उघड शत्रू होत. वारंवार खाकरणे म्हणजे तंतू एकमेकांवर आपटणेच. त्याऐवजी एक घोट पाणी गिळावे. बसलेल्या घशाने कुजबुजत राहणे म्हणजेही विश्रांती नव्हे. थोडे व हळू, पण सहज बोलावे, किंवा मौन पाळावे.

रेटून गाणाऱ्यांच्या आणि ओरडून शिकविणाऱ्यांच्या स्वरतंतूंवर समोरासमोर लहान गाठी येतात. आम्ही आयुष्य वर्गात घालविले असल्यामुळे सांगतो, की ह्या व्याधीत शिक्षकवर्ग गवयांच्या मागे नाही. वेळीच लक्ष दिले तर ह्या गाठी पुष्कळदा विश्रांतीने व वाक्‌चिकित्सेनेच निवळतात. शस्त्रक्रियेची पाळी येत नाही. म्हणून घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर काढ्यांवर दिवस न घालविता कान-नाक-घशाच्या वैद्यास कंठ दाखवावा. मोठ्या माणसांच्या बाबतीत, आणि विशेषतः तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत, ह्यास मुळीच विलंब करू नये. कारण अशा घोगरेपणामागे कधी कधी कर्करोगासारखा दारुण रोगही दडलेला असतो.

असो. अभ्यासावाचूनही राग व्यक्त करण्याची जी शक्ती देहाबरोबरच जन्मास येते, तिला शार्ङ्गदेवाने ‘शारीर’ असे नाव दिले आहे. ती देणगी कोणाच्या घरी कोणत्या लेकरास मिळेल, हे आपल्या हाती नाही. मिळालेली सांभाळणे मात्र पुरते आपल्या हाती आहे. येत्या नवरात्रात घरची मुलगी गाण्यास बसली की तिला ‘जोर लाव’ असे कोणी म्हणू नये. ‘मान सैल सोड, श्वास सांभाळ आणि आधी हळू लावून बघ,’ एवढेच म्हणावे. मग तार षड्ज आपसूक येईल. आणि ती साठीची झाल्यावरही येत राहील.